पेन्सिलीला आठवणारे ग्रहण

मालवणजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा दोन वर्षांपूर्वी रिकामा करायला घेतला. कौले उतरवायची होती, वासे बदलायचे होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तांब्याची भांडी, फाटके पंचांग आणि तळाशी माझी शाळेतली चित्रकलेची वही सापडली. वहीच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. निळ्या शाईने लिहिलेले माझे नाव पावसाच्या ओलीने पसरून पुसट झाले होते. पण आत शिसपेन्सिलीने काढलेली चित्रे मात्र जशीच्या तशी होती. याचे कारण आपण वर्गात शिकवतोच. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. ग्राफाइट म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळत नाही आणि प्रकाशाने विटत नाही. कागद टिकला तर रेघ टिकते.

वहीच्या मधल्या पानांवर एका ओळीत पाच लहान चित्रे होती. पाच लांबट वर्तुळे, आणि प्रत्येकातला थोडा थोडा भाग काळा केलेला. वर तारीख होती, २४ ऑक्टोबर १९९५. प्रत्येक चित्राखाली वेळ लिहिली होती. पहिली वेळ ७.४५, शेवटची ८.५०.

ते सूर्यग्रहण मला चांगले आठवत होते. निदान तसे मला वाटत होते. मी तेव्हा नववीत होते. लक्ष्मीपूजन आदल्याच दिवशी झाले होते, शाळेला दिवाळीची सुट्टी होती. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या एका पट्ट्यात ग्रहण खग्रास दिसले. कोकणात खंडग्रास होते. पुढे विज्ञानात संशोधन करू लागल्यावर शिक्षकांच्या शिबिरांत बोलताना मी ही आठवण नेहमी सांगत आले. अंगणात तुळशीपाशी उभी राहून, काळ्या काचेतून मी सूर्य पाहिला, आणि चंद्राने त्याला खालच्या बाजूने खायला सुरुवात केली, असे मी सांगत असे. ऐकणाऱ्यांना ते आवडे. मलाही आवडे.

वही मात्र वेगळे सांगत होती.

वहीची साक्ष

पहिल्या चित्राच्या बाजूला लहान अक्षरांत लिहिले होते, 'माजघर, खिडकीचे भोक, समोरची भिंत'. शेवटच्या चित्राखाली लिहिले होते, 'उजेड जमिनीवर आला. वही बंद'.

ते वाचले आणि सगळे डोळ्यांपुढे आले. मी अंगणात गेलेच नव्हते. आजीने दाराला कडी घातली होती. "चेडवा, भायर जाव नको, गिराण आसा," हे तिचे शब्द मला इतक्या वर्षांत एकदाही आठवले नव्हते, ते आता स्पष्ट ऐकू आले. खिडकीची लाकडी दारेही तिने लावून घेतली होती. पण एका फळीला वरच्या बाजूला निखळलेल्या खिळ्याचे भोक होते आणि त्यातून सूर्याची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडली होती. मी भिंतीवर वही टेकवून ती प्रतिमा गिरवली होती. काळी काच वगैरे काही नव्हतीच. ती मी नंतर कुठल्या तरी छापील चित्रातून उचलून माझ्या आठवणीत बसवली असावी.

आता 'खालून खाल्लेल्या' सूर्याचाही उलगडा झाला. सकाळी सूर्य पूर्वेला असतो तेव्हा त्याची पश्चिमेकडची कड वरच्या बाजूला असते. चंद्र सूर्यबिंबावर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, म्हणून सकाळच्या ग्रहणात ग्रास वरच्या बाजूने सुरू होतो. पण लहान भोकातून पडणारी प्रतिमा उलटी असते, त्यामुळे भिंतीवर तो खालून सुरू झालेला दिसला. माझ्या मनाने भिंतीवरची प्रतिमा इमानाने जपली; भिंत मात्र गाळून टाकली आणि ती प्रतिमा थेट आकाशात नेऊन चिकटवली. सूर्य खालून ग्रासला जात होता असे मी इतकी वर्षे सांगत होते आणि सकाळच्या आकाशात हे कसे घडेल, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

चित्रे आणखीही काही सांगत होती. वर्तुळे लांबट का? प्रथम वाटले, माझा हात कच्चा होता. पण पाचही वर्तुळे सारखीच वेडीवाकडी असती तर तो हाताचा दोष मानता आला असता. इथे पहिले वर्तुळ जवळजवळ गोल होते आणि पुढची क्रमाने अधिकाधिक लांबट होत गेली होती. सूर्य वर चढत होता, किरण भिंतीवर अधिक तिरके पडत होते. तिरक्या पडणाऱ्या प्रकाशाचा ठसा लांबट होतो; विजेरी भिंतीवर तिरकी धरून कोणीही हे पाहू शकतो. चौदा वर्षांच्या मुलीला यातले काही माहीत नव्हते. तिने जे दिसले ते गिरवले, म्हणून ते कागदावर उतरले.

मग मी मोजपट्टी घेतली. पहिल्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३ सेंटिमीटर भरला. सूर्याचे पृथ्वीपासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे. हेच प्रमाण भोकापासून भिंतीपर्यंतचे अंतर आणि प्रतिमेचा व्यास यांच्यातही असते. म्हणजे भोक आणि भिंत यांत सव्वातीन मीटर अंतर असायला हवे. माजघरात जाऊन मोजले. खिडकीपासून भिंत जेमतेम दहा फुटांवर आहे, म्हणजे तीन मीटर. किरणांचा मार्ग तिरका धरला तर तेवढेच अंतर येते. चित्र खरे होते, आठवण खोटी होती.

आठवण खोटी म्हणजे मी मुद्दाम खोटे बोलत होते असे नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना जवळपासचे तुकडे तिच्यात मिसळतात. पेन्सिलीची रेघ एकदा उमटली की तशी बदलत नाही. एवढ्यावर हा विषय माझ्यापुरता संपला असता. पण मग मला विजयदुर्ग आठवला.

विजयदुर्गची आठवण

मालवणच्या उत्तरेला, देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग किल्ला आहे. किल्ल्यात काही ओटे आहेत, त्यांना गावात 'साहेबाचे ओटे' म्हणतात. साहेब म्हणजे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. या ओट्यांवर दुर्बिणी मांडून त्याने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लावला, अशी हकिगत आपल्याकडे सर्वत्र सांगितली जाते. अलीकडच्या वर्षांत १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. ही हकिगत मी स्वतः एका शिबिरात फळ्यावर लिहिली आहे. त्या वेळी मी ती तपासली नव्हती. सिंधुदुर्गातली असल्याने ती मला खरी असावीशी वाटत होती.

वहीने माझीच आठवण खोटी ठरवल्यावर मी हीदेखील तपासायला घेतली. काय आढळते ते क्रमाने पाहू.

१८६८ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा खरोखरच दक्षिण कोकणावरून गेला होता. पण ऑगस्टमधले कोकणचे आकाश कसे असते हे आपल्याला माहीत आहे. निरीक्षकांनाही ते माहीत होते, म्हणून त्यांनी घाटापलीकडची ठिकाणे निवडली. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होता आणि कॅप्टन हेग विजापूरला. मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन गुंटूरला होते, तर मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी पाहिला. त्यात तेजस्वी रेषा होत्या, म्हणजे ज्वाळा तप्त वायूच्या आहेत हे ठरले. रेषांपैकी एक पिवळी होती. ज्वाळांच्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की त्या ग्रहणाशिवायही दिसाव्यात, असे जान्सेनला वाटले आणि दुसऱ्याच दिवशी त्याने त्या पाहूनही दाखवल्या.

आणि लॉकियर? तो तेव्हा इंग्लंडमध्ये होता. युद्धखात्यात कारकुनी करणारा आणि फावल्या वेळात सूर्याचा अभ्यास करणारा हा माणूस नव्या वर्णपटदर्शकाची वाट पाहत होता. ते हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यानेही ग्रहण नसताना ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. त्याचे आणि जान्सेनचे पत्र पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचले गेले. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांची नाही, हे लॉकियरने दाखवले. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, ही ५८७.६ वर येते. ही रेषा पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी, या विचारातून सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव पुढे आले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झीला, युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत.

मग लॉकियर कोकणात आलाच नाही का? आला होता. पण तीस वर्षांनंतर.

२२ जानेवारी १८९८

त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा अरबी समुद्रातून येऊन विजयदुर्गच्या आसपास किनाऱ्यावर चढला आणि महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे बिहारपर्यंत गेला. जानेवारी महिना असल्याने आकाश निरभ्र असण्याची खात्री होती. त्यामुळे या पट्ट्यावर ठिकठिकाणी छावण्या पडल्या. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आला होता. तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी आपली उपकरणे मांडली होती. वऱ्हाडातील तळणी येथे एडवर्ड आणि ॲनी माँडर हे दांपत्य होते. आणि विजयदुर्गच्या किल्ल्यात होता सर नॉर्मन लॉकियर. तो आता एकसष्ट वर्षांचा, 'नेचर' या नियतकालिकाचा संस्थापक-संपादक आणि नामांकित शास्त्रज्ञ होता. बरोबर त्याचा मुलगा विल्यम आणि सहकारी आल्फ्रेड फाउलर होते.

त्यांचे मुख्य काम छायाचित्रांचे होते. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लोलक बसवला की खग्रास अवस्थेच्या क्षणी सूर्याची बारीक कडच फटीचे काम करते आणि प्रत्येक रंगाची एकेक कमान प्लेटवर उमटते. पण खग्रास अवस्था होती अवघी दोन मिनिटांची. उपकरणांपाशी माणसे मोजकी. सूर्याभोवतीचे प्रभामंडल, म्हणजे करोना, त्याचा आकार, आकाशाचा आणि समुद्राचा रंग, दिसू लागणारे तारे, हे सगळे कोण टिपणार?

लॉकियरने यासाठी नौदलाची मदत घेतली. 'मेल्पोमिनी' नावाची युद्धनौका विजयदुर्गला येऊन थांबली होती. तिचा कप्तान चिशोम-बॅटन, त्याचे अधिकारी आणि खलाशी ग्रहणाच्या कामाला लागले. कोणाकडे वेळ मोजण्याचे काम आले, कोणाकडे तापमानाचे, आणि पुष्कळांच्या हाती कागद आणि पेन्सिल आली. त्यांनी करोना काढायचा होता.

ही पद्धत लॉकियरने विचारपूर्वक बसवली होती. करोनाचा आतला भाग पुष्कळ तेजस्वी असतो आणि बाहेरचा फार मंद. दोन-तीन सूर्यत्रिज्यांच्या अंतरात तेज हजारपट कमी होते. आतल्या तेजाने डोळा दिपतो आणि बाहेरचे मंद किरण दिसत नाहीत. म्हणून खांबावर एक गोल चकती बसवायची आणि निरीक्षकाने ठरावीक अंतरावर अशा जागी उभे राहायचे की चकतीने सूर्याबरोबर करोनाचा आतला भागही झाकला जाईल. डोळा अंधाराला सरावलेला हवा म्हणून निरीक्षकाच्या डोळ्यांवर आधीपासून पट्टी बांधून ठेवायची. खग्रास सुरू झाल्याची हाक आली की पट्टी काढायची. पाहायचे, आणि लगेच काढायचे. त्याआधी काही दिवस सरावही हवा, कारण दोन मिनिटांत अनोळखी आकार कागदावर उतरवणे चित्रकारालाही सोपे नसते.

दोन वर्षांपूर्वी, १८९६ मध्ये, नॉर्वेच्या उत्तर टोकाला लॉकियरने अशीच तयारी 'व्होलेज' या जहाजावरील मंडळींकडून करून घेतली होती. तिथे ढगांनी सर्व पाण्यात घातले. विजयदुर्गला आकाश स्वच्छ राहिले. या मोहिमेचा अहवाल रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये १९०१ साली छापला गेला. त्यावर लॉकियरबरोबर कप्तान चिशोम-बॅटनचेही नाव आहे. अशा शास्त्रीय लेखावर युद्धनौकेच्या कप्तानाचे नाव क्वचितच दिसते.

गावाला काय आठवले

आता ही दोन ग्रहणे शेजारी ठेवून पाहा. त्यांच्या मधे आणखी एक ग्रहणही आहे. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर भारतात आला होता आणि केरळच्या किनाऱ्यावर बेकल येथे उतरला होता. तिथेही किल्लाच आहे. एका माणसाच्या आयुष्यातल्या तीन घटना, एक गाजलेला शोध आणि एक खरा ओटा, एवढे तुकडे एकत्र आले की त्यांची एक सुबक गोष्ट व्हायला फार काळ लागत नाही. माझ्या मनात भिंत गळाली आणि काळी काच आली. तसेच इथे तीस वर्षे गळाली आणि हेलियम आला.

पण गावाची आठवण सर्वस्वी खोटी होती का? मुळीच नाही. लॉकियर आला होता हे खरे. तो विजयदुर्गलाच आला होता हे खरे. सूर्य पाहायला आला होता हेही खरे. हेलियमच्या पिवळ्या रेषेशी त्याचे नाव जोडलेले आहे हेही खरे. गावाने माणूस, जागा आणि काम अचूक जपले. चुकले ते फक्त वर्ष, आणि वर्षाबरोबर कामाचे फळ. लेखी आधार नसलेली आठवण साधारण अशीच असते. 'कोण' आणि 'कुठे' तिला चांगले सांगता येते, 'केव्हा' सांगताना ती चुकते. म्हणून तिला टाकून द्यायचे नसते, कागदाशी ताडून पाहायचे असते.

काही शिक्षकांना मी हे सांगितले तेव्हा एक बाई म्हणाल्या, "मॅडम, मुलांना आता काय सांगायचे? हेलियम आपला नाही म्हणून?" प्रश्न रास्त आहे. आपल्या गावाचे नाव विज्ञानाच्या इतिहासात असावे असे कोणाला वाटत नाही? पण विजयदुर्गकडे उरते ते कमी मोलाचे आहे, असे मला वाटत नाही. शोधाची गोष्ट सांगितली तर मुलांनी टाळ्या वाजवायच्या, एवढेच त्यांच्या वाट्याला येते. चित्रांची गोष्ट सांगितली तर त्यांना काहीतरी करता येते. शास्त्रज्ञ नसलेल्या, दोरखंड ओढणाऱ्या माणसांनी दोन मिनिटे नीट पाहायचे ठरवले आणि त्यांचे पाहणे शास्त्राच्या कामी आले. पेन्सिल कोणाच्याही हाती असू शकते.

चित्रावर विश्वास किती?

इथे एक शंका घ्यायलाच हवी. डोळ्यांनी पाहून काढलेले चित्र कितपत भरवशाचे? शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी काढलेला करोना सारखा नसतो. एकाचे किरण लांब, दुसऱ्याचे आखूड. एकोणिसाव्या शतकातल्या करोनाच्या चित्रांत असे फरक भरपूर आहेत.

या चुका दोन प्रकारच्या असतात. काही चुका कशाही होतात: कोणाचा हात डावीकडे घसरतो, कोणाचा उजवीकडे. पुष्कळ चित्रे एकत्र पाहिली की त्या एकमेकींना खोडून काढतात. म्हणून एका निष्णात चित्रकारापेक्षा अनेक खलाशी बसवण्यात अर्थ होता. दुसऱ्या चुका सर्वांच्या एकाच दिशेने होतात. सरावात सर्वांनी जुन्या ग्रहणाचा चार किरणांचा करोना गिरवला असेल, तर ग्रहणात प्रत्येकाला चार किरण दिसण्याचा धोका असतो. अशी चूक शंभर चित्रे जमवूनही जात नाही. तिला पकडायला वेगळ्या जातीचा पुरावा लागतो.

१८९८ मध्ये तो मिळाला. तळणी येथे ॲनी माँडर यांनी अगदी लहान भिंगाच्या, अवघ्या दीड इंची कॅमेऱ्याने करोनाचे छायाचित्र घेतले. त्यात एक किरण सूर्यापासून सुमारे १ कोटी किलोमीटर दूरवर गेलेला दिसला. इतका लांब किरण तोवर छायाचित्रात आला नव्हता. डोळ्यांनी पाहून लांब किरण काढणाऱ्यांवर 'हे डोळ्यांचे भास' असा आक्षेप घेतला जाई. लांब किरण खरोखर असतात हे प्लेटने दाखवले. गंमत अशी की छायाचित्रातल्या मंद छटा त्या काळच्या छपाईत टिकत नसत. म्हणून विल्यम वेस्लीसारखे कुशल चित्रकार प्लेटांवरून पुन्हा हातानेच करोनाची चित्रे काढत. छायाचित्राची साक्षही पेन्सिलीच्या आधारानेच लोकांपुढे येत होती.

आणि कधी कधी चित्राला जे माहीत असते ते समजायला शतक जावे लागते. १८ जुलै १८६० चे खग्रास ग्रहण स्पेनमधून दिसले. विल्हेल्म टेम्पेल याने तोरेब्लांका येथून काढलेल्या चित्रात करोनाच्या एका बाजूला सुटून निघालेल्या फुग्यासारखा वळसा आहे. असे काही सूर्यापाशी असू शकते हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे चित्राला फारसे महत्त्व मिळाले नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या 'ओएसओ-७' या उपग्रहाने करोनातून द्रव्याचा प्रचंड ढग बाहेर फेकला जाताना टिपला. त्यानंतर १९७४ मध्ये जॅक एडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने टेम्पेलचे चित्र पुन्हा बाहेर काढले, त्याच ग्रहणाची इतरांनी काढलेली चित्रे शेजारी ठेवली आणि दाखवले की तो वळसा म्हणजे असाच एक उद्रेक असावा. टेम्पेलने जे समजत नव्हते तेही काढले, गाळले नाही. म्हणून ११४ वर्षांनी त्याचा अर्थ लावता आला.

आपल्याकडेही असा ठेवा आहे. तामिळनाडूतील कोडाईकनाल वेधशाळेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून सूर्याची छायाचित्रे आणि हाताने काढलेले नकाशे जपून ठेवले आहेत. पुण्याची तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली तेव्हा तिची मोठी दुर्बीणही तिकडेच गेली. आज त्या जुन्या कागदांच्या संगणकीय प्रती करून सूर्याच्या शंभर वर्षांच्या बदलांचा अभ्यास चालतो. ज्यांनी ते नकाशे काढले त्यांनी या अभ्यासाची कल्पनाही केली नसेल.

वर्गात काय करता येईल

ग्रहणाची वाट पाहायला नको. भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे ते २० मार्च २०३४ रोजी, तेही काश्मीर-लडाखकडून. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ ला पश्चिम भारतातून खंडग्रास ग्रहण दिसेल, पण ऑगस्टमधले कोकण! चंद्र मात्र रोज आपलाच आहे. अमावास्येनंतरच्या तिसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत मुलांनी रोज संध्याकाळी चंद्राचे चित्र काढावे. एका वर्गाची चाळीस चित्रे भिंतीवर लावावीत. कोणत्या चुका कशाही झाल्या आणि कोणती चूक सर्वांनी सारखीच केली, हे मुलेच शोधून काढतील. बहुतेक सर्वांनी कोर उभी काढलेली असेल, कारण पुस्तकातले चित्र तसे असते. आपल्या आकाशात ती पुष्कळदा होडीसारखी आडवी दिसते.

सूर्याचे चित्र काढायचे तर त्याच्याकडे थेट पाहू नये, काळ्या काचेतूनही नाही. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून पडणारी प्रतिमा गिरवावी. ती माझ्या भिंतीवरच्या प्रतिमेसारखीच उलटी असेल.

चित्र कसे आले याची फिकीर नको. मात्र प्रत्येक चित्रावर चार गोष्टी हव्यातच: तारीख, वेळ, जागा, आणि आपण कुठे उभे राहून कशातून पाहिले ते. या चौथ्या गोष्टीचे मोल मला माळ्यावर कळले. 'माजघर, खिडकीचे भोक, समोरची भिंत' एवढे शब्द मी लिहिले नसते तर ती पाच लांबट वर्तुळे पाहूनही मी अंगणातली खोटी गोष्ट सांगत राहिले असते. आणि आणखी एक नियम: रबर वापरायचा नाही. चुकले तर शेजारी दुसरे चित्र काढायचे. जे आज चूक वाटते ते कदाचित तिरके पडलेले किरण असतील.

घराची नवी कौले चढवताना सुताराने खिडकीही बदलू का, असे विचारले. ती फळी तेवढी मी ठेवून घेतली आहे. आता पुढच्या वेळी विजयदुर्गला मुलांबरोबर जाईन तेव्हा साहेबाच्या ओट्यांवर बसून मी त्यांना आधी माझी चुकलेली गोष्ट सांगणार आहे, आणि नंतर २२ जानेवारी १८९८ ची. मग प्रत्येकाला एक कागद आणि एक शिसपेन्सिल देईन आणि समोरची खाडी काढायला सांगेन. कोपऱ्यात तारीख आणि वेळ घालायला विसरू नका, एवढेच बजावेन.